जर्मनीत एका सेमिस्टरसाठी जाताय? टपालपेटीवरच्या नावापासून सुरुवात करा

एक्स्चेंजवर जर्मनीला जाणाऱ्याची गोची अशी, की मुक्काम पाच-सहा महिन्यांचा आणि कागदपत्रं मात्र पूर्ण पदवीसाठी आलेल्याइतकीच. तो जे सावकाश करतो ते तुम्हाला पहिल्या तीन आठवड्यांत उरकावं लागतं. शिवाय निघताना तेच सगळं एकेक करून बंद करावं लागतं. खालची माहिती हिवाळी सेमिस्टर धरून दिली आहे, म्हणजे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. उन्हाळी सेमिस्टरला जाणाऱ्यांनी थंडीचा भाग सोडून द्यावा.

आधी परतीच्या तिकिटाचं. हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं फेब्रुवारीच्या मध्याला संपतात, पण लेखी परीक्षा, म्हणजे क्लाउसुर, त्यानंतर मार्चपर्यंत चालू शकतात आणि तारखा बऱ्याचदा उशिरा लागतात. व्याख्यानं संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं स्वस्त तिकीट काढून ठेवलं, की पुढे तारीख बदलायला नव्या तिकिटाइतके पैसे जातात. बदलता येणारं तिकीट घ्या, किंवा परतीचं नंतर काढा. व्हिसावरची शेवटची तारीखही परीक्षांच्या पुढची आहे ना, तेवढं तपासा. तो आधी संपत असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, आउसलेंडरबेहर्डेची, वेळ पोचल्या पोचल्या मागावी लागते.

बॅगेत काय, काय नाही

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, घरचं तूप, सगळं बाद. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नकोत. ताज्या वनस्पतींना तपासणीचा दाखला लागतो. सुक्या मासळीला मात्र नियमाची आडकाठी नाही, त्यामुळे सुकट-बोंबील कायद्याने नेता येतात. सामायिक स्वयंपाकघरात ते भाजायचे का, हा प्रश्न कायद्याचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. दुबईमार्गे विमान असेल तर खसखस अजिबात नको, कारण अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अनारशांवर आणि करंजीच्या सारणात ती असते, हे घाईत कुणाच्या लक्षात येत नाही.

डाळींनी बॅग भरू नका. मसूर, हरभरे, राजमा साध्या सुपरमार्केटात मिळतात. तूरडाळ, मूगडाळ आणि पोहे भारतीय दुकानात मिळतात. न्यायचं ते तिथे मिळत नाही तेवढंच: गोडा मसाला पाव किलो, चांगला हिंग ५० ग्रॅम, काळी मोहरी २०० ग्रॅम, आमसुलं, घरचं तिखट. तीन लिटरचा कुकर सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडतो. त्याचा तळ सपाट हवा, आणि शेगडी इंडक्शनची असू शकते म्हणून त्याला लोहचुंबक चिकटतो का तेही बघा. चिकटत नसेल तर तो कुकर त्या शेगडीवर तापणारच नाही.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. दोन अडॅप्टर आणि भारतातूनच एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या, म्हणजे लॅपटॉप-फोनचं भागतं. नेहमीची औषधं तीन महिन्यांच्या आत पुरतील एवढीच, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

नाव, पेटी, नोंदणी: याच क्रमाने

बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सरकारी पत्रं, सगळं तिथे टपालाने येतं. टपालवाला पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. खोली क्रमांकावर त्याचा विश्वास नसतो, आणि कित्येक इमारतींना तो क्रमांकच नसतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून खोलीची किल्ली मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनावाची चिठ्ठी लावणं. दुसऱ्याच्या घरात पोटभाड्याने राहत असाल, तर पत्त्यात स्वतःच्या नावाखाली 'सी/ओ' लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव घाला.

मराठी नावाचा एक खास घोटाळा इथेच होतो. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) अशी दोन नावं असतात. जर्मन कार्यालय ती दोन्ही तुमचीच नावं समजतं. तक्रार करू नका, सगळीकडे तसंच लिहा. विद्यापीठात एक नाव, विम्यात दोन आणि बँकेत आद्याक्षर असं झालं, की व्हिडिओवरची ओळखपडताळणी फसते आणि महिना वाया जातो. स्पेलिंगही पासपोर्टवर आहे तेच, अक्षर न् अक्षर.

यानंतर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्यूरोत, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, ती करावी लागते. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याने सही केलेला 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचा एक पानी कागद लागतो. या तिसऱ्या कागदावर सगळ्यात जास्त लोक अडतात, कारण भाडेकरार दाखवून भागेल असं त्यांना वाटतं. भागत नाही. म्हणून खोली ठरवतानाच विचारा: हा कागद देणार का? टाळाटाळ झाली तर ती खोली सोडा. 'मी परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल' असा निरोप आला तर तो सरळ फसवणुकीचा समजा.

ब्युर्गरब्यूरोची वेळ, म्हणजे टर्मिन, ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती आठवडे-आठवडे नसते. पत्ता पक्का झाला की पुण्यात बसूनच ती घ्या. मिळाली नाही तर सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास पान पुन्हा बघा. रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. दोन आठवडे उलटूनच वेळ मिळत असेल तर तिची ईमेल पावती जपून ठेवा, म्हणजे तुम्ही प्रयत्न केल्याचा पुरावा राहतो.

फॉर्मात धर्माचा रकाना असतो. ही चौकशी उगाच नसते. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं, की पगारातून चर्च-कर कापला जाण्याची सोय होते. गोवा-वसईकडच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी हे माहीत असून भरावं. विद्यार्थ्याच्या तुटपुंज्या कमाईवर तो बहुधा शून्यच येतो, पण न वाचता सही करू नये.

नोंदणीचा शिक्का मारलेला कागद हातात आला, की बँक खातं आणि श्पेरकोंटोतून मिळणारी महिन्याची रक्कम मार्गी लागते. श्पेरकोंटो म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवलेलं खातं. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. पण पहिला हप्ता यायला दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत अनामत (काउत्सिओन), पहिलं भाडं, विद्यापीठाचं सेमिस्टर-शुल्क, विमा आणि पांघरूण-उशी असा सगळा खर्च एकदम येतो. वसतिगृहाच्या खोलीत गादी असते, पांघरूण नसतं. दीड हजार युरो श्पेरकोंटोबाहेर फॉरेक्स कार्डावर ठेवले तर झोप लागते. त्यातले दोनशे रोख असू द्या. बेकरीत किंवा छोट्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही.

विमा सरकारी विद्यार्थी योजनेचा घ्या. वय तिशीच्या आत असेल तर महिन्याला १४०-१५० युरोंच्या आसपास जातात. तो बहुधा सेमिस्टरपासून सुरू होतो, त्यामुळे सप्टेंबरमध्येच पोचत असाल तर मधल्या दिवसांसाठी प्रवासविमा लागतो.

मग एक दिवस रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येतं: महिन्याला १८.३६ युरो, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी. 'माझ्याकडे टीव्ही नाही' हे उत्तर चालत नाही, कारण हा आकार घरामागे आहे, यंत्रामागे नाही. तुम्ही सामायिक फ्लॅटमध्ये (वेगे) असाल तर एकानेच भरायचा. बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवून स्वतःचं खातं बंद करायचं आणि पैसे आपसांत वाटून घ्यायचे. पत्र केराच्या टोपलीत टाकलं तर दंडासह थकबाकी मागे लागते.

चूल

वसतिगृहात सहसा गॅस नसतो. इंडक्शन नसेल तर काचेची सिरॅमिक शेगडी किंवा लोखंडी चकतीची असते. या दोन्ही सावकाश तापतात आणि बंद केल्यावरही पाच-सात मिनिटं गरम राहतात. फोडणी जळते ती इथेच. मोहरी तडतडायला लागली की भांडं चकतीवरून उचलून बाजूला ठेवा, मग जिरं, हिंग, हळद घाला. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. मिरची-लसणाच्या फोडणीआधी खिडकी सताड उघडा आणि खोलीचं दार लावून घ्या. धूर बाहेर जावा म्हणून दार उघडलं तर तो कॉरिडॉरमधल्या धूर-अलार्मपर्यंत पोचतो आणि अख्खी इमारत खाली उतरते. अलार्म अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर गाडीचं बिल तुमच्या नावे येऊ शकतं.

मसाल्यांच्या नावांत दोन सापळे आहेत. जिऱ्याला 'क्रॉयत्सक्युमेल' म्हणतात. नुसतं 'क्युमेल' म्हणजे कॅरावे, शहाजिऱ्याच्या तोंडावळ्याचं. ते वरणात पडलं की वरण ब्रेडसारखं लागतं. सुपरमार्केटातली मोहरी पिवळी असते, तिला फोडणीचा वास येत नाही, म्हणून आपली काळी न्यायची. हळद 'कुरकुमा', मेथी 'बॉक्सहोर्नक्ले', कलौंजी 'श्वार्त्सक्युमेल'.

'बुटरश्माल्त्स' म्हणजे आपलं तूप, निर्धास्त घ्या. पण नुसतं 'श्माल्त्स' किंवा 'श्वाइनेश्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी, आणि डबे सारखेच दिसतात. शाकाहारी असाल तर आणखी तीन शब्द पाठ करा: 'श्पेक' (डुकराचं मांस, हे बटाट्याच्या सॅलडातही असतं), 'गेलाटिने' (जेली-गोळ्यांत, काही दह्यांतही) आणि 'ब्र्यूहे' (रस्सा; सूप 'भाज्यांचं' असलं तरी मांसाच्या ब्र्यूहेत केलेलं असू शकतं).

पोळ्यांचं पीठ. पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असा 'टाइप' असतो. तो आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम. आकडा मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा. भारतीय दुकानातली कणीक महाग वाटली तर गव्हाचं (वाइत्सन) १०५० घ्या, किंवा ५५० आणि कोंड्यासकटचं फोलकोर्न निम्मं-निम्मं मिसळा. कोंडा जाडसर असतो म्हणून कोमट पाण्यात भिजवून किमान अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर लाटताना कडा फाटतात. 'रोगन' म्हणजे राय. त्याचा गोळा हाताला चिकटतो, पोळी होत नाही. आच नसल्याने फुलका विस्तवावर फुगणार नाही. तव्यावरच फडक्याने कडा दाबत फुगवायचा. खोलगट लोखंडी तवा काचेच्या शेगडीला टेकतच नाही, तिथे सपाट पॅन बरा. ज्वारीचं पीठ शोधताना 'हिर्से' उचलू नका, ती वरीच्या कुळातली. भाकरी थापली जात नाही.

दही लावायला वीस अंशांची खोली पुरत नाही. टिकाऊ दूध (हा-मिल्श) नुसतं कोमट करा, उकळायची गरज नाही. त्यात ३.५ टक्के स्निग्धांशाचं साधं दही एक चमचा ढवळा आणि भांडं ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून रात्रभर ठेवा. आणि श्रीखंडाची तर तिथे चैन आहे: ४० टक्क्यांचा 'श्पाइजेक्वार्क' म्हणजे जवळपास तयार चक्का. अर्धा किलो क्वार्क दोन तास फडक्यात टांगा, २०० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, केशर. 'मागरक्वार्क' नको, तो बिनचरबीचा आणि रवाळ.

दिवाळी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच येते आणि घरून फराळाचं पार्सल निघतं. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. आत काय आहे आणि किंमत किती, हे पार्सलवर स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं 'फूड' लिहिलं तर ते कस्टमच्या कचेरीत पडून राहतं आणि तुम्हाला पावती घेऊन जावं लागतं. तेलातली चकली, शेव, चिवडा पाठवा. खव्याचं काही नको.

रविवार, कचरा, बाटल्या

रविवारी आणि सणाला दुकानं बंद, मोठ्या रेल्वे स्थानकांतली तेवढी उघडी. ३ ऑक्टोबरला देशभर सुटी. १ नोव्हेंबरला बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेमबर्ग, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियासारख्या राज्यांत. २४ डिसेंबरला दुपारीच कुलपं लागतात आणि २५, २६ पूर्ण बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड बघून घ्यायची सवय लावा. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. व्हॅक्यूम क्लीनर, खिळे ठोकणं, मोठ्याने फोनवर बोलणं, सगळ्यावर तक्रार येते. चटणी वाटायचा मिक्सरही त्यात आला.

कचऱ्याचे डबे शहराप्रमाणे थोडे बदलतात. साधारणपणे पिवळ्यात प्लास्टिक-पत्र्याची वेष्टनं, निळ्यात कागद, तपकिरीत भाजीची सालं, काळ्यात उरलेलं. काच चौकातल्या लोखंडी पेटीत टाकायची, पांढरी, तपकिरी, हिरवी अशी वेगळी, आणि रात्री किंवा रविवारी नाही, कारण आवाज होतो. मुंबईचं भगिनी-शहर असलेल्या श्टुटगार्टात आणि त्या भागात 'केअरवोखे' नावाची प्रथा आहे: आठवडाभर जिना झाडायची पाळी एकेका घरावर येते. दारावर पाटी लटकली की पाळी तुमची.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत (प्फांट) असते. काचेच्या बिअर-बाटलीवर ८ आणि इतर पुन्हा वापराच्या बाटल्यांवर बहुधा १५. आपल्या सवयीने बाटली चुरगाळलीत तर यंत्र बारकोड वाचत नाही आणि पैसे जातात. यंत्रातून निघालेली चिठ्ठी त्याच दुकानाच्या गल्ल्यावर द्यायची. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, मुळात बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

थंडी आणि खिडकी

खोलीतल्या हीटरच्या खुंटीवरचे १ ते ५ आकडे हे तापमानाचे असतात, वेगाचे नव्हेत. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा चार अंशांनी जास्त. ५ वर ठेवून खोली लवकर तापत नाही, फक्त नको तितकी तापते. बाहेर जाताना २ वर आणा. पूर्ण बंद केलं तर भिंती गार पडतात आणि त्यावर दव धरतं. कुकरची वाफ, ओले टॉवेल, आंघोळ या सगळ्याचं पाणी भिंतीत मुरून कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि ती अनामतीतून कापून घेतली जाते. उपाय म्हणजे श्टोसल्युफ्टन: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, मग लावून टाकायची. खिडकी दिवसभर तिरकी फटीसारखी ठेवली तर हवा बदलत नाही, भिंत तेवढी गारठते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. घराशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. आईशी बोलायची वेळ त्यानंतरची ठेवली तर तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. बूट इथून नेऊ नका, तिथेच पाणी न शिरणारे घ्या.

वर्गात आणि दारात

वेळापत्रकात '१० सी.टी.' असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. तास संपल्यावर टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी ठोकतात. पण खरा फरक असा, की बऱ्याच विषयांत इंटर्नल मार्क नसतात, शेवटची एकच परीक्षा. आणि कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करायची, तिची खिडकी काही आठवडेच उघडी असते, ती चुकली तर परीक्षेला बसता येत नाही. गुण १.० (उत्तम) ते ५.० (नापास), ४.० पर्यंत पास. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडून दाखला घ्या, दुसऱ्या दिवशीचा सहसा धरत नाहीत. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२. पॅरासिटामोलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, आपोटेकमध्येच, म्हणजे औषधांच्या दुकानातच, मिळतं.

अहो आणि अरे यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, त्यामुळे 'झी' आणि 'डू' मराठी माणसाला इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपे जातात. प्राध्यापक, कचेरी, शेजारी यांना झी. विद्यार्थी आपसांत पहिल्या भेटीपासून डू, मग समोरचा चार वर्षांनी मोठा असला तरी. झीवरून डूवर यायचं आमंत्रण वयाने मोठ्या माणसाने द्यायचं असतं, आपण सुरुवात करायची नाही.

प्रवासाला डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभर चालणारं मासिक तिकीट, २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंचं आहे. विद्यापीठाच्या शुल्कात सेमिस्टर-तिकीट आधीच असेल तर दुसरं घेऊ नका. डॉइचलांड-टिकेट लोकल-रिजनल गाड्यांत चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. बिनतिकीट पकडलं तर ६० युरो.

निघताना

घरात राहताना फोन किंवा जिमचा दोन वर्षांचा करार केला नसेल, प्रीपेड सिमच घेतलं असेल, तर अर्धी डोकेदुखी वाचली. वसतिगृहाला खोली सोडत असल्याची लेखी सूचना किती महिने आधी द्यायची, ते करारात पहिल्या आठवड्यातच बघून फोनवर आठवण लावा. चुकली तर रिकाम्या खोलीचं भाडं भरावं लागतं. डॉइचलांड-टिकेट त्या महिन्याअखेर थांबवायचं तर १० तारखेच्या आत रद्द करा. निघायच्या आधीच्या आठवड्यात आबमेल्डुंग, म्हणजे पत्ता सोडल्याची नोंद करा, आणि त्याचा कागद विमा कंपनी व रुंडफुंकबाइट्रागला पाठवा. विमा कंपनीला विद्यापीठाचा नाव कमी केल्याचा दाखलाही लागतो. तो दिला नाही तर हप्ता चालू राहतो, आणि विद्यार्थी दर संपल्यावर तो वाढतो.

खोली ताब्यात घेताना केलेल्या पाहणीपत्राशी (युबरगाबेप्रोटोकोल) जुळवून खोली परत केली जाते. म्हणून आल्याच दिवशी भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा त्या पत्रात लिहून घ्या आणि तारखेसकट फोटो काढा. बँक खातं मात्र घाईने बंद करू नका. अनामत परत यायला कधी कधी दोन-तीन महिने लागतात आणि ती जर्मन खात्यावर पाठवणं त्यांना सोपं जातं. ती जमा झाली की मुंबईतून ऑनलाइन खातं बंद करता येतं.